पाटसकरबाई आणि पिठाची गिरणी

समस्त मराठी जनांस, विशेषतः डीमन आणि पंचक्रोशीतील रहिवाशांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की श्रीमती उर्मिला पाटसकर आणि प्रस्तुत लेखक यांचे वैर आजही ठणठणीत आहे. त्यांच्यात समेट झाल्याची, त्यांनी एकत्र चहा घेतल्याची आणि एकाने दुसऱ्याबद्दल बरे शब्द काढल्याची जी अफवा सध्या फिरते आहे, ती निराधार आहे. चहा घेतला होता. पण वेगवेगळ्या टेबलांवर, आणि एकमेकांकडे पाठ करून.

एवढं जाहीर झालं की मला मोकळेपणानं लिहायला हरकत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाटसकरबाईंना पाहिलेलं नसणार. तुमच्या झोपेच्या दृष्टीनं ते चांगलंच आहे. पण इतक्या तब्येतीनं केलेलं शत्रुत्व तुमच्या वाट्याला आलं नाही, याबद्दल मला तुमची थोडी कीवही वाटते.

बाईंची पहिली ओळख व्हायची ती त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीशी. खोलीत शिरल्या की त्या आधी माणसांकडे बघत नसत. टेबलावरून, खिडकीच्या कडेवरून, कुंडीतल्या झाडाच्या पानावरून बोट फिरवत आणि मग ते बोट डोळ्यांपुढे धरून धूळ तपासत. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या, माझ्या स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं, बघितलं आणि म्हणाल्या, "हं." हा "हं" पुढे मला अनेक वर्षं ऐकायचा होता. त्यात स्वर एकच असायचा, पण अपमान दर वेळी नवा.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. अॅमस्टरडॅममधली मोठी, जुनी, भारदस्त कंपनी होती. तिच्या फिरत्या दारातून आत जाताना माणूस आपोआप पोट आत घ्यायचा. मी पुण्याहून आलो होतो आणि बाई माझ्या वरिष्ठ होत्या. वयानं आम्ही सारखेच, कदाचित मी थोडा मोठाच.

"इथे सर-मॅडम चालत नाही, देशमाने," त्या म्हणाल्या. "सगळे एकमेकांना एकेरी बोलतात. मी तुला तू म्हणणार. तू मला उर्मिला म्हण."

"बरं, उर्मिलाताई."

"ताई नको."

"बरं. तुम्ही म्हणाल तसं."

त्यांची डावी भुवई वर गेली. मला तेव्हाच कळलं की आपल्या हाती शस्त्र आलं आहे. त्या दिवसापासून मी त्यांना कधीही 'तू' म्हटलं नाही. मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, सायकलच्या स्टँडवर, सगळीकडे मी त्यांना आदरानं बडवलं. "तुम्ही बसा ना." "तुम्हाला जिना झेपेल ना?" त्या वैतागून म्हणायच्या, "मी काय तुझी आत्या आहे?" आणि मी म्हणायचो, "तुम्ही आत्यापेक्षा जास्त आहात." त्या मात्र मला शेवटपर्यंत देशमाने आणि तू. चुकूनही अनेकवचन नाही. त्यांच्या मते माझी तेवढी व्याप्तीच नव्हती.

यात भर म्हणून आम्ही राहायचोही एकाच इमारतीत. अॅमस्टरडॅमला लागूनच असलेल्या डीमनला, ट्रामच्या थांब्यासमोर आमचा फ्लॅट, आणि बरोबर त्याच्या खाली बाईंचा. म्हणजे ऑफिसात त्या माझ्या डोक्यावर आणि घरी मी त्यांच्या. निसर्गात जो समतोल म्हणतात तो हाच.

आता गिरणीकडे वळतो. माझी बायको मेघना हिला पाकिटातलं पीठ कधीच मानवलं नाही. तिनं भारतातून घरघंटी मागवली, म्हणजे कपाटाएवढी घरगुती चक्की. शनिवारी सकाळी ती सुरू झाली की आधी आमचं दळण, मग शेजारच्यांचं, मग मेट्रोनं डबे घेऊन येणाऱ्यांचं. पहिल्याच शनिवारी बाईंचा फोन आला.

"देशमाने, माझ्या झुंबराला हीव भरलंय."

"तुमच्याकडे झुंबर आहे? वा. कधी बोलला नाहीत."

त्यांनी आमच्या रहिवासी संघाकडे अस्खलित डचमध्ये तक्रार केली. संघाचे अध्यक्ष चौकशीला आले, मेघनाच्या हातचं थालीपीठ खाऊन गेले आणि चक्की तळमजल्यावरच्या कोठारात हलवावी, असा निकाल देऊन गेले. बाई म्हणाल्या, "लाच दिलीस." मी म्हटलं, "तुम्हालाही पाठवतो." त्या म्हणाल्या, "मी शनिवारी उपाशी असते." उपवास बाई मानत नसत. त्या इंटरमिटंट फास्टिंग करत. फरक एवढाच, की त्यात देवाऐवजी फोन हिशेब ठेवायचा.

कोठारातली चक्की बघताबघता इतकी चालायला लागली, की खरीखुरी गिरणी काढावी असं आमच्या डोक्यात शिरलं. जागा भाड्यानं घ्यायची, मोठी दगडाची चक्की आणायची, नोकरी सोडायची. आणि नेमकं त्याच आठवड्यात बाईंनी मला बढती देऊ केली. टीम सांभाळायची, त्यांच्या शेजारच्या खोलीत बसायचं. घराचं कर्ज होतं, मुलगी एनस्खेडेला शिकत होती. मी दोन्ही बाजूंनी विचार करत होतो आणि दोन्ही बाजू मला खात होत्या.

कँटीनमध्ये बाई समोर येऊन बसल्या. चीज सँडविच आणि इथलं डब्यातलं ताक, हे त्यांचं जेवण. टेबलावरून बोट फिरवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काय ठरवलंस?"

"गिरणी काढावी म्हणतोय."

"कसली?"

"पिठाची."

त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "देशमाने, या देशात गावोगावी पवनचक्क्या आहेत. त्यातल्या एकीत तरी कुणाला दळण घेऊन जाताना पाहिलंस? लोक लांबून येतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन पाव खातात."

"आपल्या लोकांना ताजं पीठ हवं असतं."

"पीठ पाकिटात येतं. पाकीट दुकानात असतं. विषय संपला." मग त्यांनी त्यांचं आवडतं भाषण काढलं, जे त्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. "हे बघ. कंपनी म्हणजे लिफ्ट. तू नुसतं आत उभं राहायचं, वर ती नेते. स्वतःचा धंदा म्हणजे जिना. आणि तोही चढायच्या आधी स्वतः बांधायचा."

"लिफ्ट अडकली तर?"

"तर आत घंटेचं बटण असतं. दाबलं की माणसं सोडवायला येतात. तुझ्या जिन्यात तू घसरलास तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला गिरणीतलं काय कळतं?"

बाईंनी ताकाच्या पेल्याची कड बोटानं पुसली. मग म्हणाल्या, "मी लहानपणी डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभी राहिलेय. सकाळी दळण, मग तशीच शाळा. केसांवर पीठ बसलेलं असायचं. पोरं आजीबाई म्हणून हाका मारायची. त्या रांगेत पुन्हा उभं राहावं लागू नये म्हणून इतकी शिकले. आणि तू एवढं शिकून त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहणार. शाबास."

त्यांनी पेला उचलला आणि गेल्या. ते बोट धूळ का शोधत असतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यामुळे त्या मला आवडायला लागल्या, असं कुणी समजू नये. उलट माझा निर्णय पक्का झाला. बाईंना जी गोष्ट इतकी नकोशी वाटते तिच्यात काहीतरी दम असणार.

माझ्या निरोपाच्या दिवशी केक होता आणि बाईंचं भाषण होतं. "देशमाने हुशार आहे," त्या सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हणाल्या. "हे मी पहिल्यांदाच बोलतेय. आणि तो चाललाय म्हणूनच बोलतेय." टाळ्या झाल्या. नंतर लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

"एक ऐकून ठेव," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "उद्घाटनाला गर्दी होईल. सगळे कौतुक करतील. हुरळू नकोस. कौतुक करतो तो पाहुणा. गिऱ्हाईक भांडतं. ज्या दिवशी कुणीतरी येऊन तुझ्याशी भांडेल, त्या दिवशी तुझा धंदा सुरू झाला असं समज."

"तुम्ही याल का भांडायला?"

"मी पाकिटातलं पीठ खाते," त्या म्हणाल्या, आणि लिफ्ट उघडली.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं त्यांना आणखी वर चढवलं आणि हेगच्या कार्यालयात पाठवलं. त्या तिथेच जवळ फोरबर्गला राहायला गेल्या. खालच्या फ्लॅटमध्ये एक शांत डच जोडपं आलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, त्यामुळे घरात चालताना पाय आपटण्यातली मजाच गेली.

गिरणी सुरू झाली. डीमनच्याच औद्योगिक भागात, टायरवाला आणि योगवर्ग यांच्या मधोमध. खेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा माणूस आवाज मोजायला आला. त्यानं चक्कीभोवती एक फेरी मारली आणि अदबीनं विचारलं, "हे संग्रहालय आहे का?" उद्घाटनाला गर्दी झाली. लोकांनी चक्कीजवळ फोटो काढले, पिठाच्या धारेखाली हात धरला, लाडू खाल्ले. मराठी लोक म्हणाले, "छान आहे हं." डच शेजारी म्हणाले, "लेउक." या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे हे मला नंतर समजलं. अर्थ असा की आम्ही पुन्हा येणार नाही.

मी आयुष्यभर सॉफ्टवेअर केलेला माणूस. रांग ही गोष्ट मला मागासलेली वाटायची, आणि बाईंची ती आजीबाईची कथाही डोक्यात होती. म्हणून मी ठरवलं होतं की माझ्या गिरणीत कुणाला ताटकळावं लागणार नाही. इथे केस कापायलासुद्धा वेळ घेऊन जातात, तर दळणाला का नको? मी फोनवरून वेळ ठरवायची सोय केली. ज्याची वेळ त्याचं दळण. आधी एकाची नाचणी, मग दुसऱ्याचे गहू, मग तिसऱ्याची चणाडाळ, मग चौथ्याची ज्वारी. घड्याळाच्या काट्यासारखं. मी या व्यवस्थेवर इतका खूश होतो की येणाऱ्या प्रत्येकाला आधी ती समजावून सांगायचो.

लोक एकदा यायचे, ऐकून घ्यायचे, छान म्हणायचे आणि गडप व्हायचे. हिवाळा लागला तसा टायरवाल्याकडे माझ्यापेक्षा जास्त मराठी लोक दिसायला लागले. मी त्यांना खिडकीतून हात करायचो. ते टायरकडे बघायचे.

डिसेंबरच्या शेवटी बाईंचा निरोप आला. तसाच उतरवतो. "इथेही माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झालीय. धूळ बसतेय. तुला धुळीचा अनुभव आहे. हो की नाही ते भोगीच्या आधीच्या शनिवारपर्यंत कळव. नंतर दुसऱ्याला देईन." बाई देवाधर्माचं काही मानत नसत, पण मुदत मात्र त्यांनी भोगीची दिली होती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मी मेघनाला निरोप दाखवला. ती म्हणाली, "परत जायचं तर जा. मला राग येणार नाही. फक्त एक आहे. खुर्ची त्यांच्या हातून घेतलीस की तुझ्या 'तुम्ही'तली गंमत गेली. मग तो खराच आदर होईल."

हे मला कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त लागलं.

त्याच आठवड्यात मेघना पोळ्या करत होती. आमच्याच गिरणीतलं पीठ, आमचेच गहू. तव्यावरची पोळी उलटताना तिचा हात थांबला. "हे बघ," ती म्हणाली. पोळी मळकट होती. पायपुसण्यासारखा तिचा रंग.

"गहू खराब असतील," मी म्हटलं.

"गहू चांगले आहेत. यांच्या आधी तू काय दळलं होतंस?"

मी फोन काढून बघितलं. "नाचणी. कुलकर्णींची. त्यांची वेळ आधीची होती."

मेघनानं उलथनं ओट्यावर ठेवलं. "अरे, चक्कीच्या पोटात आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. आमच्या आईनं गिरणीत डबा कधी नुसता ठेवला नाही. आधी विचारायची, माझ्या आधी काय दळलंत? आणि उत्तर पटलं नाही तर भांडायची. बाजूला उभी राहायची, पण नाचणीवर गहू घालू द्यायची नाही." मग तिनं विचारलं, "तुला इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नाही?"

कुणीच विचारलं नव्हतं. डीमनमधली किती तरी कुटुंबं माझ्यामुळे मळकट पोळ्या खाऊन मला छान म्हणत होती. परदेशात आली की माणसं इतकी सभ्य होतात की त्यांचा काही उपयोगच उरत नाही. भारतातल्या कुठल्याही गल्लीत पहिल्या तासाला माझी कॉलर धरली गेली असती आणि माझा धंदा वाचला असता. लिफ्टमधलं बाईंचं बोलणं मला आठवलं. आठवावं अशी माझी इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वेळा घेणं बंद केलं आणि चक्कीच्या वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली. "सकाळी गहू. मग ज्वारी. मग बाजरी, नाचणी. डाळी शेवटी. वेळ ठरवून येऊ नये. रांगेत उभे राहावे." जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवले, की भोगीसाठी शनिवारी ताजी बाजरी दळून मिळेल. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीशिवाय भोगी होत नाही, आणि बाजरीचं पीठ जरा शिळं झालं की कडवट होतं, हे तर सगळ्यांना ठाऊक असतं.

शनिवारी थोडी माणसं आली. ओले कोट, हातात डबे, छोटीशी रांग. पाटी वाचून एक जण म्हणाला, "छान आहे हं, पाटी." अजून पाहुणेच. माझ्या फोनमध्ये बाईंसाठी एक शब्द लिहून ठेवलेला होता. "हो." फक्त पाठवायचा बाकी होता. दुपारपर्यंत वाट बघायची असं मी ठरवलं होतं. कशाची, ते मलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि उर्मिला पाटसकर आत आल्या. काळा लांब कोट, खांद्याला कंपनीची लॅपटॉपची बॅग. त्या थेट पुढे आल्या, चक्कीजवळच्या फळीवरून बोट फिरवलं आणि डोळ्यांपुढे धरलं. बोट पांढरंशुभ्र झालं होतं. "हं," त्या म्हणाल्या. "उत्तर घ्यायला आले."

"तुम्ही फोन करायचात ना. इतक्या लांब कशाला आलात, या वयात?"

"उत्तर, देशमाने."

"रांग आहे," मी म्हटलं.

मला वाटलं, त्या निघून जातील. त्या रांगेकडे बघत राहिल्या. मग मागे गेल्या आणि शेवटच्या माणसाच्या मागे उभ्या राहिल्या. मी मुद्दाम सावकाश दळलं, हे कबूल करायला मला मुळीच लाज वाटत नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा पिठाचा धुरळा खोलीभर झाला होता आणि त्यांच्या नीट कापलेल्या केसांवर पांढरा थर बसला होता. आजीबाई हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता आणि तो मी गिळला. माझ्या हातून झालेलं हे एवढंच पुण्य.

त्यांनी बॅगेची चेन उघडली. लॅपटॉप असतो त्या कप्प्यातून एक स्टीलचा डबा निघाला. जुना, पोचे पडलेला, झाकणावर नाव कोरलेलं, बहुधा त्यांच्या आईचं. कमल पाटसकर. आत बाजरी.

"फोरबर्गला पीठ मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळतं. कडू निघतं." हे त्या अशा सुरात म्हणाल्या, की ते पाकीट जणू मीच भरलं होतं.

"पण पीठ पाकिटात येतं. तुम्हीच म्हणाला होतात."

"देशमाने, मी तुझ्याकडे उत्तर मागितलंय. हो की नाही?"

"आधी डबा द्या," मी म्हटलं.

डबा माझ्या हातात आला. मी तो उचलून चक्कीच्या तोंडाशी नेला. माझ्या डोक्यावर ती पाटी होती, तिच्यावर सगळा क्रम हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेला होता, आणि बाईंना वाचता येत होतं. दाणे घसरायला लागणार, एवढ्यात समोरून त्यांचा हात आला आणि डब्याची कड घट्ट धरून बसला. रांगेतले सगळे बघायला लागले. इतक्या वर्षांत ज्या बाईनं माझ्यावर एकही अनेकवचन खर्च केलं नव्हतं, तिच्या तोंडून, तिच्याही नकळत, खणखणीत आवाजात निघून गेलं:

"अहो, थांबा. माझ्या आधी काय दळलंत?"